रोग्याचें वय आणि वैद्याचा न्याय

२०२० सालच्या ऑगस्ट महिन्यांत चॅडविक बोझमन हा अमेरिकन नट वारला, तेव्हां त्याचें वय अवघें त्रेचाळीस वर्षांचें होतें. मोठ्या आंतड्याचा कर्करोग त्याला २०१६ पासून जडलेला होता. ही गोष्ट जगापासून गुप्त ठेवून, शस्त्रक्रिया व किमोथेरपी यांच्या अधूनमधून त्यानें आपलीं चित्रपटांतील कामें पुरीं केलीं. पुढें २०२२ सालच्या डिसेंबरांत त्याच रोगानें पेले हा ब्राझीलचा जगद्विख्यात फुटबॉलपटु निवर्तला. तो ब्यायशीं वर्षांचा होता. त्याच्या आंतड्यांतील गांठ सप्टेंबर २०२१ मध्यें, म्हणजे ऐंशी वर्षें पुरीं झालेलीं असतां, साओ पाउलो येथें काढण्यांत आली होती व मागाहून किमोथेरपीही झाली. पहिली बातमी ऐकून आमच्या परिचयाची मंडळी हळहळली. दुसरी ऐकून "भरपूर जगला, सोनें झालें" असें म्हणाली. आम्हीही तेंच म्हणालों.

ह्या दोन उद्गारांतील भेद स्वाभाविक आहे, व शोक करणाराच्या तोंडीं तो शोभतोही. परंतु तोच भेद वैद्याच्या औषधाच्या चिठ्ठींत उतरावा काय? रोग एक, अवयव एक, रोगाची पायरीही एक. आणि केवळ जन्मतारखा निराळ्या म्हणून एकास सर्व कांहीं द्यावें व दुसऱ्यास अर्धें द्यावें, किंवा कांहींच देऊं नये, हें न्याय्य आहे काय? हा प्रश्न वैद्यकाचा आहे तितकाच नीतिशास्त्राचा आहे. आम्ही वैद्य नव्हे. परंतु नीतीचा प्रश्न वैद्यांवरच सोंपवून मोकळें होण्याचा अधिकार सामान्य माणसास नाहीं, कारण रुग्णशय्येभोंवतीं उभे राहून खरा निर्णय पुष्कळ वेळां आपणच करीत असतों. तो आम्हीं एकदां कसा केला हें पुढें सांगूंच.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. मोठ्या आंतड्याचा वा गुदाशयाचा कर्करोग बहुधा पॉलिप नांवाच्या बारीक मांसल वाढीपासून सुरू होतो व पक्व होण्यास त्यास कित्येक वर्षें लागतात. रोग स्थानिक असेल तर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय. तो जवळच्या लसिकाग्रंथींपर्यंत पोंचला असेल, म्हणजे तिसऱ्या पायरीचा असेल, तर शस्त्रक्रियेनंतर किमोथेरपी देतात. हा प्रघात १९९० च्या सुमारास रूढ झाला. गुदाशयाच्या रोगांत याखेरीज किरणोपचारही करितात. यकृतासारख्या दूरच्या अवयवांत रोग पसरला म्हणजे मुख्य भिस्त औषधांवर. हा झाला ग्रंथांतला क्रम; तो वयाचा उल्लेख न करतां सांगतां येतो. प्रत्यक्ष व्यवहारांत मात्र वय प्रत्येक पायरीवर डोकें वर काढतें.

तें कसें, याचें उदाहरण नव्या औषधांच्या कसोट्यांतच सांपडतें. ऑक्सॅलिप्लॅटिन ह्या औषधाची भर जुन्या फ्लुओरोयुरॅसिलमध्यें घातल्यानें रोग उलटण्याचें प्रमाण घटतें, हें ज्या मोठ्या प्रयोगानें सिद्ध झालें त्याचे निष्कर्ष २००४ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत २२४६ रोगी होते, परंतु पंचाहत्तरीपुढील एकासही प्रवेश नव्हता. हा रोग तर मुख्यतः उतारवयाचा. म्हणजे ज्यांच्यासाठीं औषध शोधावयाचें त्यांतील मोठा वर्ग परीक्षेच्या दाराबाहेर ठेवावयाचा आणि मग "तुमच्यासाठीं पुरावा नाहीं" असें त्यांनाच सांगावयाचें, असा हा प्रकार झाला. ज्याला पंक्तीस बसूंच दिलें नाहीं, त्याला भूक नव्हती असें म्हणण्यासारखें हें आहे.

तथापि वृद्धांच्या बाजूनें बोलणारानेंही पुरावा सोयीपुरताच घेऊं नये. २००१ सालीं सात प्रयोगांतील ३३५१ रोग्यांची माहिती एकत्र करून पाहण्यांत आली, तेव्हां फ्लुओरोयुरॅसिलवर आधारलेल्या उपचाराचा लाभ सत्तरीपुढील रोग्यांस तरुणांइतकाच होतो असें दिसून आलें. उलट, ऑक्सॅलिप्लॅटिनची भर घातल्याचा स्पष्ट लाभ सत्तरीपुढील रोग्यांत मागाहूनच्या पृथक्करणांत आढळला नाहीं. म्हणजे 'म्हातारपणीं औषध व्यर्थ' हें खोटें, आणि 'सर्वांस सारखेंच औषध द्या' हेंही खोटें. एक औषध वयास जुमानीत नाहीं, दुसरें जुमानतें. समतेचा अर्थ सर्वांच्या हातांत एकच बाटली देणें असा केला तर त्या समतेनेंच कांहीं वृद्धांचें अकल्याण होईल.

नाण्याची दुसरी बाजू याहून कमी परिचित आहे. अमेरिकेंत अठरा ते एकोणपन्नास वयाच्या रोग्यांची तुलना पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या रोग्यांशीं करून २०१५ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत असें दिसलें कीं, तरुणांस किमोथेरपी पुष्कळ अधिक प्रमाणांत व अधिक तीव्र दिली जाते, जेथें तिचा उपयोग संशयास्पद आहे अशा आरंभींच्या पायऱ्यांवरही दिली जाते. परंतु त्या मानानें त्यांचें आयुष्य वाढत नाहीं. वृद्धास कमी देण्याचा अन्याय आपल्या चटकन् लक्षांत येतो. तरुणास अधिक देण्याचा अन्याय लक्षांत येत नाहीं, कारण तो औदार्याच्या वेषांत येतो. "तरुण आहां, सोसेल" हें वाक्य ऐकणारास आशीर्वादासारखें वाटतें. पण सोसतें म्हणून सोसावयास लावणें हा कोणता न्याय?

ह्या दोन्ही चुकांचें मूळ एकच आहे असें आम्हांस वाटतें, व तें आपल्या नैयायिकांच्या भाषेंत चांगलें सांगतां येईल. धूर पाहून अग्नीचें अनुमान करावें हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु अग्नि पाहून धुराचें अनुमान करूं नये असेंही त्यांनीं बजावलें आहे. कारण तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, धूर नसतो. अग्नीपासून धूर निघण्यास ओल्या सरपणाची उपाधि लागते. वय आणि दुर्बलता यांचा संबंध नेमका असाच आहे. वय हा अग्नि मानला, तर धूर निघेल कीं नाहीं हें सरपणावर, म्हणजे हृदय, मूत्रपिंड, स्नायू, स्मृति, भूक, घरचें मनुष्यबळ यांवर अवलंबून राहणार. जो वैद्य जन्मतारीख पाहून "हें ह्यांना झेपणार नाहीं" असें म्हणतो, तो सरपण न पाहतांच धुराची ग्वाही देतो. आणि जो तिशीचा रोगी पाहून "ह्याला कांहींही झेपेल" म्हणतो, तोही तेंच करतो.

येथें कोणी म्हणेल कीं, सरपण तपासावें कसें? तर त्याच्याही रीति आतां सिद्ध झाल्या आहेत. रोगी खुर्चींतून उठून कांहीं पावलें चालून परत येतो त्यास किती वेळ लागतो, गेल्या सहा महिन्यांत तो पडला आहे काय, त्याचें वजन घटलें आहे काय, तो रोज किती गोळ्या घेतो, त्याची स्मृति कशी आहे, बाजारहाट व पैशांचा हिशेब तो स्वतः करतो काय, घरीं त्याच्याजवळ कोण असतें, असे हे साधे प्रश्न आहेत. सत्तरीपुढील ७१८ रोग्यांवर अमेरिकेंत झालेला एक प्रयोग २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत निरनिराळे पुढारलेले कर्करोग होते. ज्यांच्या डॉक्टरांना अशा तपासणीचा सारांश व त्यावरील शिफारशी देण्यांत आल्या, त्यांच्यांत औषधाचे गंभीर दुष्परिणाम शेंकडा ७१ वरून ५१ वर आले, आणि त्यासाठीं आयुष्याची किंमत द्यावी लागली असें दिसलें नाहीं. तसेंच २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका प्रयोगांत, पसरलेल्या आंतड्याच्या कर्करोगाच्या ४५९ वृद्ध व अशक्त रोग्यांना प्रारंभीं नेहमींच्या मात्रेच्या शेंकडा ८० इतकीच मात्रा देऊन, सोसली तर वाढविण्याची सवड ठेवली होती. 'सर्व द्या' आणि 'कांहीं देऊं नका' यांच्यामध्यें पुष्कळ जागा आहे. ती शोधण्यास थोडा वेळ मात्र द्यावा लागतो.

आतां नीतिशास्त्रज्ञांकडे वळूं. वयास केवळ खूण न मानतां प्रत्यक्ष कारण मानावें असें म्हणणारा एक पक्ष आहे, व तो हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. क्रिकेटच्या परिभाषेंत त्यास 'पुरत्या डावाचा' वाद म्हणतां येईल. जॉन हॅरिस यांनीं १९८५ सालीं त्याची चर्चा केली व अर्थशास्त्रज्ञ ॲलन विल्यम्स यांनीं १९९७ सालीं तो जोरानें मांडला. प्रत्येकास खेळावयास एक वाजवी डाव मिळाला पाहिजे. ज्याचा डाव अर्ध्यांत मोडला तो वंचित, आणि ज्यानें पुरता डाव खेळून वर धावा काढल्या त्याची मिळकत उसनवारीची. डॅनियल कॅलहन यांनीं १९८७ सालीं असें प्रतिपादिलें कीं, स्वाभाविक आयुर्मर्यादा उलटल्यावर सरकारी पैसा वृद्धांचें दुःख हलकें करण्यास खर्चावा, आयुष्य लांबविण्यास नव्हे. नॉर्मन डॅनियल्स यांचा युक्तिवाद आम्हांस सर्वांत बळकट वाटतो: जात किंवा लिंग यांवरून भेद केला तर तो माणसामाणसांत होतो, परंतु वयावरून केलेला भेद एकाच माणसाच्या दोन अवस्थांत होतो, कारण आज तरुण असलेला प्रत्येकजण जगला तर उद्यां वृद्धच होणार. म्हणून शहाणा मनुष्य आपल्याच आयुष्यांतील साधनें निरनिराळ्या अवस्थांना जशीं वांटून देईल, तशीं समाजानें द्यावीं.

ह्या विचारांतील जो अंश सार्वत्रिक नियमाचा आहे तो आम्हांस मान्य आहे. अमेरिकेंतील अधिकृत तज्ज्ञमंडळानें निरोगी माणसांच्या आंतड्याच्या तपासणीचें वय २०२१ सालीं पन्नासावरून पंचेचाळिसावर आणलें, कारण पन्नाशीच्या आंतील रोग्यांचें प्रमाण तेथें वाढूं लागलें होतें. आणि शहात्तर ते पंचायशीं ह्या वयांत ती तपासणी सरसकट न करतां माणूस पाहून करावी असें सांगितलें. यांत अन्याय नाहीं. निरोगी कोट्यवधींकरितां नियम करावयाचा तर कोठें तरी रेषा ओढावीच लागते. परंतु नियमाची रेषा ही घराच्या कुंपणासारखी आहे; ती घरांतल्या माणसांच्या उंचीचें माप नव्हे. शिवाय रेषा कोणत्या बाजूस तोंड करून ओढली आहे हेंही पाहावें लागतें. २०२४ च्या ऑक्टोबरांत भारत सरकारनें सत्तर वर्षांच्या व त्यावरील सर्व नागरिकांस, उत्पन्नाची अट न घालतां, आयुष्मान योजनेखालीं कुटुंबामागें दरसाल पांच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय लागू केली. सत्तर हाच आंकडा. तो एका ठिकाणीं नाकारण्याचें निमित्त होतो, दुसऱ्या ठिकाणीं देण्याचें कारण होतो. आंकड्यांत न्याय नसतो. तो आंकडा वापरणाराच्या हेतूंत असतो.

पुरत्या डावाच्या वादांतील खरी उणीव दुसरीकडेच आहे. डाव पुरा झाला हें ठरवावयाचें कोणीं? अमेरिकन वैद्य व विचारवंत इझिकेल इमॅन्युएल यांनीं २०१४ सालीं, स्वतः सत्तावन्न वर्षांचे असतां, असें लिहिलें कीं, पंचाहत्तर वर्षें आपणांस पुरेशीं आहेत, व आंतड्याची शेवटची तपासणी आपण पासष्टाव्या वर्षीं करून थांबूं. त्यांचें मत कोणास पटो वा न पटो, तो त्यांचा अधिकार आहे. कारण तें त्यांनीं स्वतःपुरतें ठरविलें. खेळाडूनें आपण होऊन बॅट खालीं ठेवणें निराळें, आणि प्रेक्षकांनीं "पुष्कळ झालें" म्हणून त्याच्या हातांतून ती काढून घेणें निराळें. आमच्या घरांतून बहुधा दुसरा प्रकार घडतो, आणि तो प्रेमानें घडतो.

आतां आमचीच गोष्ट. आमच्या थोरल्या मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या असतांना त्यांस थकवा येऊं लागला. रक्त कमी झालें होतें. तपासणींत मोठ्या आंतड्याच्या उजव्या भागांत गांठ निघाली. अन्यत्र रोग दिसत नव्हता. मावशी रोज देवळापर्यंत चालत जात, स्वतःचें जेवण स्वतः रांधीत, आणि दुधाचा हिशेब आमच्याहून चोख ठेवीत. शस्त्रवैद्यांनीं आम्हां भाच्यांना व त्यांच्या मुलांना खोलीबाहेर बोलाविलें आणि विचारलें, "ऑपरेशन करतां येईल, पण वय पाहतां तुमचें काय मत?" सर्वांनीं आमच्याकडे पाहिलें, कारण घरांत शिकलेले आम्ही. आम्हीं म्हटलें, "ह्या वयांत कशाला त्यांचे हाल?" सर्वांस हायसें वाटलें. मावशींना "पोटांत थोडी सूज आहे" असें सांगण्यांत आलें, आणि रक्ताच्या दोन बाटल्या व लोहाच्या गोळ्या यांवर त्यांस घरीं आणलें.

पांचव्या महिन्यांत आंतडें तुंबलें. जी शस्त्रक्रिया दिवसाउजेडीं, तयारीनें व्हावयाची, ती मध्यरात्रीं, उलट्यांनीं क्षीण झालेल्या देहावर करावी लागली. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेहून अशी तांतडीची शस्त्रक्रिया वृद्धांस किती तरी अधिक घातक होते, हें आम्हांस मागाहून समजलें. विचारलें असतें तर आधींच समजलें असतें. हाल टाळण्यासाठीं म्हणून जें नाकारलें, त्याच्याहून मोठे हाल आम्हीं त्यांच्या पदरीं घातले. तिसऱ्या दिवशीं शुद्ध आली तेव्हां त्यांस सर्व सांगणें भाग पडलें. त्या रागावल्या नाहींत. एवढेंच म्हणाल्या, "अरे, माझ्या पोटांतली गोष्ट मला सोडून सगळ्यांना ठाऊक होती. मला विचारलें असतेंस तर मी कदाचित् नकोच म्हटलें असतें. पण विचारायचें होतेंस." नवव्या दिवशीं त्या गेल्या.

त्यांतील 'कदाचित् नको' हा शब्द आम्हांस अद्याप सोडीत नाहीं. कारण त्यामुळें आमच्या चुकीचें स्वरूप स्पष्ट होतें. आमचा निर्णय वैद्यकदृष्ट्या चुकला हें दुय्यम. तो अचूक ठरता तरीही तो आमचा नव्हता. "हाल नकोत" हें वाक्य आम्ही त्यांच्याकरितां बोललों असें आम्हांस वाटलें होतें. आज प्रामाणिकपणें तपासतां, रजा, खर्च, रात्रीचीं जागरणें यांचा विचार त्या वाक्याच्या पोटांत दडलेला होता असें दिसतें. हे विचार लज्जास्पद आहेत असें नव्हे. ज्या देशांत उपचाराचा पैसा बहुतेकांस आपल्याच गांठींतून घालावा लागतो, तेथें ते सुटत नाहींत. परंतु खर्चाचें नांव खर्च असें घ्यावें. त्याला दया हें नांव देऊं नये.

ह्यानंतर दोनएक वर्षांनीं आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. चौतिसाव्या वर्षीं त्याला हाच रोग झाला. दुसऱ्या पायरीचा, लसिकाग्रंथि स्वच्छ, धोक्याचीं विशेष चिन्हें नव्हतीं. शस्त्रक्रिया उत्तम झाली. तरी तरुण वय पाहून सहा महिने दोन औषधांची किमोथेरपी देण्यांत आली. तो बरा आहे. परंतु ऑक्सॅलिप्लॅटिननें त्याच्या बोटांची संवेदना बोथट झाली ती पुरी परत आली नाहीं. सदऱ्याची गुंडी लावतांना तिच्याकडे पाहावें लागतें, असें तो हंसत सांगत होता. औषध घेतल्याचा त्याला पश्चात्ताप नाहीं. "पण सर, पर्याय आहे हें कोणी सांगितलेंच नाहीं," असें मात्र तो म्हणाला. मावशींचें व त्याचें गाऱ्हाणें एकच असल्याचें ऐकून आम्ही चपापलों.

तरुणाची दुर्बलता निराळ्या जागीं असते. त्याचें हृदय औषध सोसतें, पण औषधाची खूण त्याला पुढें चाळीस वर्षें वागवावयाची असते. गुदाशयाच्या रोगावर ओटीपोटास किरण दिले तर तरुण स्त्रीचे बीजकोश निकामी होतात. मूल हवें आहे काय हा प्रश्न उपचारानंतर विचारून उपयोग नाहीं. त्याचा रोग पुष्कळदां वंशगतही असतो, म्हणून भावंडांची तपासणी हा त्याच्या उपचाराचाच भाग होतो. टाटा स्मारक रुग्णालयानें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आठशें रोग्यांच्या आढाव्यांत सरासरी वय सत्तेचाळीसच्या आसपास होतें. तेव्हां हा विचार आपल्याकडे परका नाहीं. म्हणजे वयानुसार उपचार निराळा असावाच. परंतु तो निराळेपणा वयानें उत्पन्न केलेल्या गरजांचा असावा, वयावरून ठरविलेल्या किंमतीचा नसावा.

सारांश, वय हा प्रश्न विचारण्यास उत्तम आरंभ आहे. तें उत्तर मात्र नव्हे. वैद्यानें तें पाहून अधिक तपास करावा, तपास आटोपता घेऊं नये. आणि आप्तांनीं खोलीबाहेर होणाऱ्या त्या लहानशा सभेंत मत विचारलें असतां आधीं एवढेंच म्हणावें कीं, "आंत चला, त्यांनाच विचारूं." रोगी नको म्हणेल, हवें म्हणेल, किंवा तुम्हीच ठरवा असेंही म्हणेल, तिन्ही उत्तरें त्याचींच असतील. आम्हांस हें वाक्य वेळेवर सुचलें नाहीं. आमचें वयही आतां पन्नाशी उलटून गेलें आहे. आमच्या पाळीस तें कोणास तरी सुचावें, एवढीच आमची इच्छा आहे.